जुन्या मोटारीत टेप बसवताना : तीन तारांची गोष्ट

दूध डेअरीपुढे, आठवडी बाजारात किंवा लग्नाच्या मांडवाशेजारी चार गाड्या उभ्या असल्या की त्यांत एक तरी गाडी अशी दिसतेच. वय वीस-पंचवीस वर्षे, रंग विटलेला, बंपर तारेने बांधलेला. पण डॅशबोर्डात मात्र निळे दिवे लुकलुकणारा नवाकोरा टेप. 'टेप' हा आपला जुना शब्द. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली, पुढे ती गाडीत शिरली, आणि गाडीत वाजणाऱ्या यंत्राला आपण टेप म्हणू लागलो. आता त्यात कॅसेट जात नाही, पेनड्राइव्ह जातो किंवा मोबाईल विनातार जोडला जातो; तरी नाव टेपच राहिले आहे.

या हौसेला मी नावे ठेवणार नाही. पहाटे भाजी घेऊन बाजाराला जाताना भूपाळी ऐकावी, परतताना आकाशवाणीचा हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव ऐकावा, यात वाईट काय आहे? शेतकरी आणि रेडिओ यांचे नाते तर फार जुने. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे भरवली होती. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. आमच्या विस्तार खात्याच्या धंद्यात तो प्रयोग अजूनही सांगितला जातो.

तेव्हा टेप जरूर बसवावा. मात्र तो कसा बसवावा, हे मला एका रात्रीने शिकवले. तीच हकीकत आधी सांगतो.

आषाढातली ती रात्र

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी होतो. शिवारफेरी, पीक पाहणी, शेतकरी मेळावे यांसाठी सतत हिंडावे लागे. म्हणून १९९६ सालची एक जुनी मारुती ८०० विकत घेतली. गाडी साधी, इंजिन मात्र ठणठणीत. थोरल्या मुलाने हट्ट धरला, "बाबा, टेप पाहिजेच." तालुक्याच्या गावी एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने अर्ध्या तासात टेप बसवला, मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर ठोकले आणि पैसे घेऊन मोकळा झाला. आवाज झकास होता. मुलगा खूश, मीही खूश.

मग झड लागली. चार दिवस गाडी अंगणात उभीच होती. चौथ्या रात्री दीडच्या सुमाराला दारावर थाप पडली. शेजारचे आबा डोक्यावर पोते घेऊन पावसात उभे होते.

"साहेब, सूनबाईला कळा सुरू झाल्यात. गाडी काढता का?"

मी तसाच उठलो. चावी फिरवली. सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प बसला. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. दिवे लावून पाहिले तर काजव्यासारखे मिणमिणले. बॅटरी पार उतरली होती. मागच्या सीटवर ती मुलगी सासूच्या मांडीवर डोके टेकून कण्हत होती, आणि मी वेड्यासारखा चावी फिरवत होतो. त्या वेळी आमच्याकडे फोन केला की येणारी १०८ ची रुग्णवाहिका नव्हती. दुसरी गाडी शोधायची तर पलीकडच्या वस्तीवर जावे लागले असते.

शेवटी गल्लीतली चार माणसे उठवली. चिखलातून ढकलत गाडी देवळाच्या उतारापर्यंत नेली, तिथून सोडली आणि दुसऱ्या गिअरमध्ये झटका दिला तेव्हा कुठे इंजिन धरले. ग्रामीण रुग्णालयात पोहोचलो. पहाटे मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. आबांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण उतारावर पोहोचेपर्यंतची ती वीस मिनिटे मी आजही विसरलेलो नाही.

तात्यांनी चोर पकडला

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना बोलावले. तात्या म्हणजे एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले वायरमन. हातात मीटर आणि पक्कड, कानात विडी. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"साहेब, गाडीत नवीन काय बसवलं?"

"काही नाही, फक्त टेप."

"मग तोच चोर."

त्यांनी बॅटरीचा वजा टोकाचा लग सोडवला आणि लग व टोक यांच्या मध्ये मीटर जोडला. गाडी बंद, चावी माझ्या खिशात, टेपही बटण दाबून बंद केलेला. तरी मीटर पाव अँपिअर दाखवत होता. तात्यांनी टेपचा कपलर ओढून काढला. काटा जवळजवळ शून्यावर आला.

मग त्यांनी टेप बाहेर ओढला आणि मागचा कारभार दाखवला. पिवळी आणि लाल या दोन्ही तारा एकत्र पिळून एका थेट बॅटरीच्या तारेला जोडल्या होत्या. टेपसोबत आलेला फ्यूज कापून फेकलेला. जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तीही सुटत आलेली.

"साहेब, बॅटरी उतरली हे तुमचं नशीब समजा," तात्या म्हणाले. "ही उघडी तार हादऱ्यानं पत्र्याला लागली असती, तर मध्ये फ्यूज नाही. तार लाल झाली असती, आणि गाडी पेटली असती. आत बाळंतीण होती, ध्यानात ठेवा."

त्या दिवशी तात्यांच्या हाताखाली बसून मी हे काम शिकलो. पुढे गावातल्या कित्येक गाड्या आम्ही दोघांनी सुधारल्या. त्या अनुभवातून सांगण्यासारखे जे वाटते ते इथे देत आहे.

तीन तारा : पिवळी, लाल, काळी

बाजारातल्या बहुतेक टेपच्या मागे तारांचा एक झुपका असतो. तो पाहून घाबरायचे कारण नाही. त्यातल्या तीनच तारा वीज आणतात व नेतात.

पिवळी तार म्हणजे कायमचा करंट. चावी काढली तरी हिच्यात बारा व्होल्ट असतात. टेपमधले घड्याळ आणि आपण लावून ठेवलेली केंद्रे हिच्यामुळे लक्षात राहतात. आवाजासाठी लागणारा मुख्य प्रवाहही बहुतेक टेपमध्ये हीच पुरवते.

लाल तार म्हणजे चावीवरचा करंट. चावी फिरवली की हिच्यात वीज यावी, चावी काढली की जावी. "मालक आले, जागे हो, मालक गेले, झोप" असे टेपला सांगणारी ही तार आहे.

काळी तार म्हणजे अर्थ. ती गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॅटरीच्या वजा टोकाला जोडलेली असते.

माझ्या गाडीत लाल तार पिवळीबरोबर बांधल्यामुळे टेपला मालक गेल्याचे कधी कळतच नव्हते. बटण दाबले की वरचे दिवे विझत, पण आतले यंत्र अर्धवट जागे राही. पुष्कळ कारागीर घाईत हेच करतात, कारण चावीवरची तार शोधायला पाच-दहा मिनिटे लागतात आणि थेट तार समोरच असते.

टाकी आणि गळती

हिशोब आपल्या भाषेत मांडतो. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. माझ्या गाडीची टाकी ३५ अँपिअर-अवरची होती. म्हणजे एक अँपिअरची तोटी सोडली तर कागदोपत्री ती ३५ तास पुरावी. पाव अँपिअरची गळती असली तर दिवसाला सहा अँपिअर-अवर वाहून जातात. चार दिवसांत गेले २४. उरले ११, तेही बॅटरी नवी असती तर. सेल्फला तर क्षणभर का होईना, शंभराच्या आसपास अँपिअर लागतात. टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर पाच हॉर्सपॉवरची मोटर चालवण्यासारखे ते झाले.

उलट तारा योग्य जोडल्या तर घड्याळापुरती गळती अगदी थोडी, दहा मिलिअँपिअरच्या आत असते. दहा धरले तरी महिन्याला सात अँपिअर-अवर. गाडी रोज-दोन रोजांनी फिरत असली तर हे जाणवतही नाही. महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर बॅटरीचा वजा टोकाचा लग सोडवून ठेवावा.

इंजिन बंद ठेवून टेप वाजवणे हीदेखील गळतीच. हळदीच्या दिवशी दारे उघडी टाकून चार तास गाणी लावली, आणि टेपने सरासरी तीन अँपिअर घेतले, तर बारा अँपिअर-अवर गेले. नवरदेवाच्या गाडीला भर लग्नात ढकलायची वेळ येते ती अशी.

फ्यूज म्हणजे बांधाची सांड

विहिरीवरच्या पेटीतला फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे जाड तार घालणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मग एक दिवस फ्यूज वाचतो आणि मोटर जळते. गाडीतही तोच न्याय लागू आहे. बांधाला सांड ठेवतात ती पाणी वाया घालवण्यासाठी नव्हे, बांध वाचवण्यासाठी. फ्यूज ही विजेची सांड आहे.

घरातली वीज शॉक देते म्हणून आपण तिला भितो. गाडीची बारा व्होल्टची वीज हाताला लागत नाही, म्हणून तिला कोणी मोजत नाही. पण बॅटरीची दोन टोके तारेने थेट जुळली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि तार क्षणात लालबुंद होते. भोवती प्लास्टिक, फोम, कापड, आणि पुढे पेट्रोल. जुन्या गाडीला आग लागण्यासाठी एवढे पुरते.

म्हणून तीन नियम पाळावेत. पहिला : टेपच्या मागे किंवा पिवळ्या तारेवर कंपनीने दिलेला फ्यूज कधीही कापू नये. तो बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. जेवढ्याचा असेल तेवढ्याचाच पुन्हा घालावा. दुसरा : बॅटरीपासून नवी तार ओढली असेल तर बॅटरीजवळ, एक वीत अंतराच्या आत, आणखी एक फ्यूज बसवावा. टेपजवळचा फ्यूज टेपला वाचवतो. बॅटरीपासून टेपपर्यंतच्या तारेला बॅटरीजवळचाच फ्यूज वाचवतो. तिसरा : फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज हा त्यावर इलाज नाही. कुठेतरी तार घासते आहे, ती शोधावी.

खरेदीला जाण्यापूर्वी

आधी गाडीतला खण मोजावा. एका मजल्याच्या टेपचे जगभर ठरलेले माप १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असे आहे. मोठ्या पडद्याचे टेप दोन मजल्यांचे, म्हणजे १०० मिलिमीटर उंच असतात. जुन्या गाडीत बहुधा एका मजल्याचाच खण असतो. दोन मजल्यांचा टेप बसवण्यासाठी डॅशबोर्ड करवतीने कापणारे महाभाग मी पाहिले आहेत. कापलेला डॅशबोर्ड खडखडतो आणि पुढे गाडीची किंमतही पाडतो. खणाची खोलीही पाहावी. ज्या टेपमध्ये सीडी जात नाही तो मागे आखूड असतो, त्यामुळे जुन्या गाडीत तारांना जागा उरते.

दुसरे, गाडीची वीज तपासावी. मारुती ८०० किंवा तिच्या नंतरची गाडी असेल तर प्रश्न नाही. बारा व्होल्ट आणि वजा टोक पत्र्याला. पण १९५०-६० च्या काळातली हौसेने जपलेली गाडी असेल तर सावध राहावे. त्या काळच्या इंग्लिश बांधणीच्या कित्येक गाड्यांत अधिक टोक पत्र्याला जोडलेले असे, आणि काही गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असे. आजचा टेप तिथे सरळ जोडला तर जळून जाईल. शिवाय जुन्या गाडीत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असतो. इंजिन सावकाश चालत असताना डायनॅमो फारच थोडी वीज देतो. रात्री दिवे, वायपर आणि टेप हे सारे एकदम त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

तिसरे, खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. '२०० वॅट' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. बारा-चौदा व्होल्टवर आणि चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात एका बाजूला वीसएक वॅटच्या वर फारसे मिळत नाही. घरच्या माणसांना ऐकायला ते पुष्कळ झाले. वेगळा अॅम्प्लिफायर आणि मोठा खोका हवाच असेल तर त्याला बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणि स्वतंत्र फ्यूज लागतो. लहान गाडीला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

चौथे, आपल्या भागात आकाशवाणीचे केंद्र कशावर ऐकू येते ते पाहावे. काही ठिकाणचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण बंद झाले आहे आणि पुष्कळ केंद्रे एफएमवर लागतात. पण तुमच्या शिवारात केंद्र मध्यम लहरींवरच लागत असेल, तर फक्त एफएम असलेला टेप काय कामाचा?

प्रत्यक्ष काम

स्वतः करावे की वायरमनकडून करून घ्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे. पण करून घेतले तरी शेजारी उभे राहावे आणि पुढील क्रम पाळला जातो की नाही ते पाहावे.

१. खणामागे आलेल्या तारा आधी तपासाव्यात. मीटर किंवा बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्यावा. चावी काढलेली असताना जिच्यात करंट आहे ती कायमची तार. चावी फिरवल्यावरच जिच्यात येतो ती चावीवरची. दोन्हींवर खुणेची पट्टी लावावी. जुन्या गाडीत तारेच्या रंगावर विश्वास ठेवू नये. आधीच्या मालकाने काय उद्योग केले असतील ते सांगता येत नाही.

२. मग बॅटरीचा वजा टोकाचा लग काढावा. वजाच का? अधिक टोक सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. वजा टोकाशी तसे होत नाही.

३. जुन्या टेपच्या जागी नवा घालत असाल तर गाडीची मूळ तार कापू नये. जुळणारा कपलर बाजारात मिळतो. कपलर कापणे सोपे असते, पुन्हा जोडणे कटकटीचे.

४. जोड पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे पुरत नाही. चैत्र-वैशाखात बंद गाडी भट्टीसारखी तापते, चिकटपट्टीचा डिंक वितळतो आणि पट्टी सुटते. जोड दाबून बसवावा किंवा कथलाचा डाग द्यावा, आणि त्यावर तापवल्यावर आवळणारी नळी चढवावी. ही नळी वीज साहित्याच्या दुकानात मिळते. तार बारीक पदरांचीच घ्यावी. एकाच सळीची तार खड्ड्यांच्या हादऱ्याने आतल्या आत तुटते.

५. काळी तार पत्र्याला जोडताना रंग खरवडून चकचकीत पत्रा काढावा, लग लावून बोल्टने आवळावी. गंजलेल्या किंवा रंगलेल्या जागी जोडली तर टेप मध्येच बंद पडतो, आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. असली शिट्टी आली की आधी अर्थ तपासावा.

६. निळी, किंवा निळ्यावर पांढरा पट्टा असलेली तार अॅम्प्लिफायर किंवा विजेवर वर येणाऱ्या एरिअलसाठी असते. ती लागणार नसेल तर टोक झाकून बांधून ठेवावे, उघडे सोडू नये.

७. स्पीकरच्या तारा जोडीने येतात. पांढरी जोडी पुढे डावीकडची, करडी पुढे उजवीकडची, हिरवी मागे डावीकडची, जांभळी मागे उजवीकडची. जोडीतली काळा पट्टा असलेली तार वजा. इथे एक मोठा खड्डा आहे. काही जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार सरळ पत्र्याला जोडलेली असे. आजच्या टेपमध्ये हे चालत नाही. स्पीकरची वजा तार पत्र्याला लागली तर टेपमधला आवाजाचा भाग जळतो. म्हणून प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा न्याव्यात.

८. स्पीकरची अधिक-वजा टोके पुसली गेली असतील तर घरगुती युक्ती करावी. बॅटरीच्या दिव्यातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना टेकवावा. स्पीकरचा कागद बाहेर आला तर सेलचे अधिक टोक ज्याला लागले ते स्पीकरचे अधिक टोक. एक स्पीकर सुलटा आणि दुसरा उलटा जोडला तर मृदंगाचा धुमार नाहीसा होतो आणि माणूस उगाच टेपला दोष देतो.

९. तारा स्टिअरिंगच्या दांड्याजवळून, पेडलच्या वरून किंवा सीटच्या रुळाखालून नेऊ नयेत. पत्र्याच्या भोकातून तार नेताना भोकात रबरी कडे बसवावेच. उघडी पत्र्याची कड म्हणजे सुरी आहे.

१०. टेप खणात ढकलण्यापूर्वी लग जोडून सगळे वाजवून पाहावे. हॉर्न, दिवे, वायपर, इशाऱ्याचे दिवे पूर्वीसारखे चालतात ना, हेही पाहावे. मग टेप पुढच्या चौकटीत बसवावा आणि मागूनही पट्टीने आधार द्यावा. आपल्या रस्त्यांवर नुसत्या पुढच्या चौकटीवर टेप फार दिवस टिकत नाही.

११. शेवटी मीटर लावावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते; इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. मग तात्यांनी केली तशी गळती मोजावी : मीटर दहा अँपिअरच्या खुणेवर ठेवून वजा टोक आणि लग यांच्या मध्ये जोडावा, दारे लावावीत, चावी काढावी. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर निश्चिंत झोपावे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये, मीटर जळेल.

गावाकडच्या काही खास गोष्टी

शहरातल्या पुस्तकांत नसलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिली, उंदीर. धान्याच्या कोठीशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावली की उंदीर तारा कुरतडतात. तारांवर जाळीदार नळी चढवावी आणि अधूनमधून डॅशबोर्डाखाली नजर टाकावी. दुसरी, पाणी. दाराच्या आत काचेवरून पाणी उतरते. दारात स्पीकर बसवायचा तर त्यावर प्लास्टिकचे छत्र हवे. मागच्या फळीवर स्पीकर नीट बोल्टने आवळावेत. सुटा खोका ठेवला तर जोरात ब्रेक मारल्यावर तो थेट मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येतो.

तिसरी, ट्रॅक्टर. ट्रॅक्टरची वीजही बहुतेक बारा व्होल्टचीच, म्हणून हौशी पोरे त्यावर मोठाले स्पीकर चढवतात. मागे रोटाव्हेटर फिरत असताना कानठळ्या बसवणारे गाणे लावले, तर मागच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. एका हाकेचाच प्रश्न असतो. पीटीओ चालू असताना टेप बंद, हा नियम घरात घालून द्यावा. गाडीतही मागच्याचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज ठेवावा. गाडी चालवताना हातात मोबाईल धरून गाणे शोधू नये. तो कायद्यानेही गुन्हा आहे.

आणखी एक, विम्याचे. मागाहून बसवलेला टेप विम्यात आपोआप धरला जात नाही. महागाचा बसवला असेल तर एजंटाला सांगून वेगळी नोंद करावी व जादा हप्ता भरावा.

शेवटी

गाडीतला टेप ही गाण्याची वस्तू आहे, हे खरे. पण खेड्यातली गाडी ही नुसती हौसेची वस्तू नसते. ती कोणाची तरी बाळंतपणाची, सर्पदंशाची, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आल्याची गाडी असते. रात्री दीड वाजता तिने पहिल्या चावीला चालू झाले पाहिजे. टेप जोडणाऱ्याने पिवळी, लाल आणि काळी या तीन तारा आणि दोन फ्यूज यांची काळजी घेतली, तर गाणेही वाजेल आणि गाडीही धावेल.

माझी ती मारुती अजून आहे. पंधरा वर्षे झाल्यावर, आणि पुढे दर पाच वर्षांनी, नोंदणीचे नूतनीकरण करून मी ती चालवतो. टेप मधे एकदा बदलला. तो मीच बसवला. तात्या ओसरीवर बसून पाहत होते. काम झाल्यावर त्यांनी मीटर लावला, आकडा पाहिला आणि म्हणाले, "साहेब, आता चहा मागवा."

आबांचा तो नातू आता मिसरूड फुटलेला गडी झाला आहे. गाडीत बसला की आधी टेपकडे हात नेतो आणि आवाज वाढवतो. मी त्याला एवढेच म्हणतो, "बाळा, जरा हळू. या टेपची आणि तुझी ओळख फार जुनी आहे."